बाबा आजारी आहेत असं धरून

आटपाट नगर होतं, असं म्हणून गोष्ट सुरू करायची आपली रीत आहे. हे नगर न्यू जर्सीत आहे आणि त्याचं नाव एडिसन. तिथल्या ओक ट्री रोडवर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि मराठी माणसाला कढीपत्त्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. अशा त्या गावात एक गृहस्थ राहत होते. बायको, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा, आणि त्या वर्षी सहा महिन्यांसाठी वाईहून आलेली त्यांची आई. घराला बेसमेंट होतं, आणि हे सगळं घडलं ते त्या बेसमेंटच्या पायी.

गृहस्थ मूळचे वाईचे, नोकरीनं पुण्याचे झालेले आणि पुढं अमेरिकेत आलेले. 2009 च्या ऑगस्टमध्ये ते पुण्यातच होते. स्वाइन फ्लूनं भारतातला पहिला बळी पुण्यात गेला आणि दोन दिवसांत शहराचं तोंड फडक्यानं झाकलं गेलं. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा. चार वर्षांच्या मुलीसाठी मास्क शोधत हे गृहस्थ औषधांच्या दुकानांतून वणवण फिरले होते. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की पुढच्या साथीला आपण दुकानाच्या दारात उभे नसू.

म्हणून 21 जानेवारी 2020 ला वॉशिंग्टन राज्यात अमेरिकेतला पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आली, तेव्हा बाकीच्या एडिसननं ती वाचून बाजूला ठेवली, आणि यांनी त्याच आठवड्यात शनिवारी गाडी काढली. सोना मसुरीची पोती आली, तूरडाळ आली, कणकेच्या पिशव्या आल्या. तापासाठी टायलेनॉलच्या बाटल्या, ताप मोजायची दोन यंत्रं, बोटाला लावून रक्तातला प्राणवायू सांगणारा ऑक्सिमीटर, ब्लीच, हातमोजे, एन-95 मास्कची खोकी. बेसमेंटमध्ये लोखंडी कपाटं उभी राहिली. प्रत्येक फळीला अक्षर, प्रत्येक खोक्याला आकडा. बी-3 म्हणजे डाळी, डी-1 म्हणजे तापाची औषधं. कोणती वस्तू कुठं आहे, कधी संपते, कधी बाद होते, हे सगळं त्यांच्या लॅपटॉपवरच्या एक्सेल शीटमध्ये. त्या शीटला रंग होते. हिरवा, पिवळा, लाल.

लोक हसले. हसणारच. साथीची तयारी साथीच्या आधी केली तर माणूस वेडा ठरतो आणि नंतर केली तर बेजबाबदार. मधली योग्य वेळ फक्त पंचांगात असेल. याच देशात 2006 साली बर्ड फ्लूची धास्ती होती तेव्हा आरोग्यखात्याचे मंत्री माइक लेविट यांनी लोकांना साधा सल्ला दिला होता, की टूनाचे तीन डबे विकत घेत असाल तर चौथाही घ्या आणि पलंगाखाली सरकवून ठेवा. त्या पलंगाखालच्या टूनाची पुढं यथेच्छ थट्टा झाली. सल्ला मात्र चांगला होता: एकदम ट्रकभर नको, दर खेपेला थोडं जास्तीचं. साठ्याला हसणाऱ्यांत मी नाही. ज्यांच्या घरात दोन आठवड्यांचं धान्य असतं, त्यांना साथीच्या ऐन भरात दुकानाच्या गर्दीत उभं राहावं लागत नाही, आणि तेवढी गर्दी इतरांसाठीही कमी होते.

तर 4 मार्चला न्यू जर्सीतला पहिला रुग्ण जाहीर झाला आणि हसणं थांबलं. कॉस्टकोबाहेर पहाटे रांगा लागल्या. टॉयलेट पेपर सोन्याच्या भावानं गेला. आपल्या लोकांनीही, घरात मग आणि जेट स्प्रे असताना, तो गाड्या भरभरून नेला. एवढ्या मोठ्या इंडियन स्टोअरमध्ये कणीक मिळेना. मग ज्यांनी गृहस्थांना ‘महायुद्ध आहे का रे?’ म्हणून विचारलं होतं, त्यांचेच फोन यायला लागले. एकाला थर्मामीटर हवा, एकाला डाळ. गृहस्थांनी दिलं, हात आखडता घेणारा माणूस नव्हता तो. समोर एक केरळी नर्स राहायची, जवळच्याच एका हॉस्पिटलात कामाला. तिथं एकच मास्क दिवसेंदिवस वापरायची वेळ आली होती. तिला त्यांनी एन-95 चं अख्खं खोकं नेऊन दिलं. त्या रात्री जेवताना ते जरा ताठ बसले होते, आणि बसावंच.

आजी मात्र गप्प होत्या. वरणभात कालवता कालवता म्हणाल्या, “सामान मायंदाळ झालं. पण तू पडलास तर कोण काय करणार, ते ठरलंय का?”

“आई, सगळं शीटमध्ये आहे.”

“शीट कुणाला वाचता येतं?”

गृहस्थ हसले. सूनबाईही हसल्या. मग आजींनी आपल्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग आला, पुढच्या साली पुणं, आणि मग सातारा जिल्ह्यातली गावंच्या गावं. आजींची आजी तेव्हा परकर्‍या वयाची. गावात एक रीत पडली होती. घरात मेलेला उंदीर दिसला की त्याच दिवशी गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या. माणूस पडायची वाट बघायची नाही. आधी उंदीर मरतात, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं येतात, हे शास्त्र त्या बायकांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पण उंदीर पडला की काही दिवसांनी माणूस पडतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

“आणि उंदीर पडायच्या आधीच सगळं बोलून झालेलं असायचं,” आजी म्हणाल्या. “जातं कुणी उचलायचं, म्हातारीला पाठीवर कुणी घ्यायचं, गाभण म्हैस कुणाच्या ताब्यात. आणि कर्ता माणूसच पडला तर दुसरा कर्ता कोण. पोरांनासुद्धा पाठ असायचं. आमची आजी सात वर्षांची, तिच्याकडं काडेपेटी आणि मीठ. झोपेतनं उठवलं तरी काडेपेटी आणि मीठ घेऊन पळायची.”

“छान होतं,” गृहस्थ म्हणाले, आणि शीटमध्ये मिठाच्या पिशव्या किती आहेत ते बघायला खाली गेले.

आजींचं परतीचं विमान होतं 24 मार्चला. ऑक्टोबरात येताना त्यांनी रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या मोजून सहा महिन्यांच्या आणल्या होत्या, जशा आपल्याकडून येणारे सगळेच आईवडील आणतात. 22 मार्चपासून भारतानं परदेशातून येणारी विमानं बंद केली. त्याच्या आदल्या दिवशी न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी लोकांना घरातच राहायचा आदेश दिला होता. पाडवा 25 ला होता. मराठी मंडळाचा कार्यक्रम रद्द, गुढी डेकवर उभी केली, आणि कडुलिंबाचा पाला मिळवायला म्हणून गृहस्थ शेवटचं एकदा बाहेर पडले. पाला मिळाला नाही. दुकानात आहोतच तर आणखी दोन पोती तांदूळ घेऊन टाकावेत, असं त्यांना वाटलं. रांग मोठी होती. पुढचा माणूस खोकत होता.

असंच झालं असेल, असं सगळे नंतर म्हणाले. साथीत कुणी कुणाकडून घेतलं याचा पंचनामा करता येत नाही. पण महिना उलटायच्या आत गृहस्थांना ताप भरला.

पहिल्या रात्री आजी त्यांच्या उशाशी बसल्या. मिठाच्या पाण्याच्या घड्या कपाळावर ठेवत पहाटेपर्यंत बसल्या. आईनं आजारी लेकाजवळ बसायचं नाही तर कुणी बसायचं? घरात कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाची बाई त्या खोलीत असता कामा नये, हे शीटमध्ये नव्हतं. शीटमध्ये वस्तू होत्या, माणसं नव्हती.

सकाळी सूनबाई टायलेनॉल आणायला बेसमेंटमध्ये उतरल्या. कपाटं होती, फळ्या होत्या, अक्षरं होती, आकडे होते. एकसारखी पांढरी खोकी, छताला टेकलेली. डी-1 शोधायचं तर शीट उघडायला हवं, शीट लॅपटॉपवर, लॅपटॉपला पासवर्ड. त्या वर गेल्या. गृहस्थ तापात काहीतरी बरळले. तो पासवर्ड चालला नाही. दुसरा सांगितला, तोही चालला नाही. तिसऱ्याला लॅपटॉपनं दार लावून घेतलं. शेवटी मायलेकींनी खोकी फोडायला सुरुवात केली. पहिल्यात हातमोजे निघाले. दुसऱ्यात मेणबत्त्या. तिसऱ्यात राजमा. भांडार तुडुंब भरलेलं, आणि किल्ली आजारी माणसाच्या कमरेला!

टायलेनॉल दुपारी सापडलं. ऑक्सिमीटर सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याचे सेल वेगळ्या खोक्यात निघाले. गृहस्थांना तपासणीला न्यावं म्हटलं, तर होल्मडेलच्या पीएनसी बँक आर्ट्स सेंटरच्या पार्किंगमध्ये तपासणीसाठी अंधारातच गाड्यांच्या रांगा लागत होत्या आणि दिवसाचा कोटा संपला की लोकांना परत पाठवत होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, कोविडच आहे असं धरा, वेगळं ठेवा, दम लागला तर 911 फिरवा.

समोरच्या नर्सनं खिडकीतून हे सगळं पाहिलं असावं. रात्रपाळीहून आली आणि फोन लावला. पहिला प्रश्न, पेशंट कोणत्या खोलीत. दुसरा, त्या खोलीचा बाथरूम आणखी कोण वापरतं. तिसरा, आत कोण जातं. सूनबाई म्हणाल्या, आई जातात. पलीकडून जो आवाज आला तो सूनबाईंनी आयुष्यात कुणाच्या सासूबद्दल ऐकलेला नव्हता.

त्याच तासाभरात घराची वाटणी झाली. वरची मोठी खोली आणि तिचा बाथरूम आजाऱ्याचा. दाराशी खुर्ची, खुर्चीवर ताट. ठेवणाऱ्यानं दार वाजवून मागं सरायचं, मग आतल्यानं उघडायचं. ताट ठेवायला एकच माणूस, ती मुलगी, कारण घरात धडधाकट आणि मोठं म्हणावं असं तेच होतं. सूनबाईंनाही कणकण वाटायला लागली होती. खिडक्या उघड्या. आणि आजी रात्रभर आजाऱ्याजवळ बसलेल्या, म्हणून त्या सगळ्यांपासून दूर. कुठं? बेसमेंटमध्ये. तिथं एक लहान संडास-न्हाणीघर होतं आणि ट्रेडमिलच्या कडेला गादी घालण्यापुरती जागा.

“म्हणजे मला माळावर धाडताय,” आजी म्हणाल्या. पिशवी उचलली आणि जिना उतरल्या.

इथं जरा थांबून कोलोरॅडोतल्या गनिसन नावाच्या गावाची आठवण सांगतो, कारण ती इथंच शोभते. 1918 चा इन्फ्लुएन्झा देशभर माणसं झोडपत होता. फिलाडेल्फियानं 28 सप्टेंबरला युद्धनिधीसाठी मिरवणूक काढली, दोन लाख माणसं रस्त्यावर आली आणि तीन दिवसांत इस्पितळांत खाट उरली नाही. डोंगरातल्या गनिसननं मात्र रस्ते अडवले. वेशीवर पाट्या आणि रात्री कंदील लावले, की थेट पुढं जा नाहीतर इथं क्वारंटाईनमध्ये राहा. गाडीतून उतरणाऱ्यालाही तेच. आगगाडीचे कंडक्टर उतारूंना आधीच बजावत. त्या हिवाळ्यात फ्लू गावात जवळजवळ शिरलाच नाही, आणि फेब्रुवारी 1919 मध्ये वेशी उघडल्या. गनिसनची कथा सांगताना लोक डॉक्टरांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं पाटी लिहिणाऱ्याचं. नियम डॉक्टरांच्या डोक्यात राहिला असता तर डॉक्टरांच्या पहिल्या तापाबरोबर गाव उघडं पडलं असतं. तो पाटीवर होता, कंडक्टरच्या तोंडी होता.

एडिसनला परत येऊ. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलीनं ताट ठेवलं, दार वाजवलं, दार उघडलं नाही. तिनं मास्क चढवून आत डोकावलं. बाबा जागे होते, पण वाक्य पुरं होईना. ऑक्सिमीटरवर आकडा 86. नर्सनं तिला सांगून ठेवलं होतं, 90 च्या खाली गेला तर कुणालाही न विचारता फोन. तिनं फोन केला. पत्ता सांगितला, काय होतंय ते सांगितलं, आणि धाकट्याला म्हणाली, बाहेरचा दिवा लाव. त्यानं लावला.

ॲम्ब्युलन्सवाले पायापासून डोक्यापर्यंत झाकलेले. दारातच विचारलं, कोणती औषधं घेतात? सूनबाई सोफ्यावर तापानं फणफणलेल्या. त्यांना रक्तदाबाची गोळी माहीत होती, नाव नव्हतं. औषधांची यादी होती, रंगीत होती, शीटमध्ये होती. कशाची ॲलर्जी? सूनबाईंनी मान हलवली, नाही बहुतेक. तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यातून आवाज आला, “सल्फाची! सहावीत असताना अंगभर गांधी उठल्या होत्या, वाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं दोन दिवस!” मुलीनं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि स्ट्रेचर निघालं.

त्या दिवसांत हॉस्पिटलात सोबत कुणाला जाऊ देत नव्हते. फोन हाच धागा, आणि गृहस्थ गेले ते चार्जर न घेता. मध्यरात्री फोन बंद पडला. बंद फोनकडं बघत बसलेल्या घराची ती रात्र कशी गेली असेल ते मी लिहीत नाही. 2020 च्या त्या वसंतात असं एकही गाव नव्हतं जिथं हे झालं नाही. समोरची नर्स त्याच हॉस्पिटलात कामाला होती; दुसऱ्या पाळीला ती स्वतःचा चार्जर घेऊन त्यांच्या वॉर्डापर्यंत पोचली आणि सकाळी स्क्रीनवर बाबांचा चेहरा आला. नाकाला ऑक्सिजनची नळी. व्हेंटिलेटर लागला नव्हता.

मग मुलीनं तिला विचारलं, तुम्हाला हे सगळं आधीच कसं सुचतं? नर्स म्हणाली, मला सुचत नाही, माझ्या फ्रिजवर लिहिलंय. आणि कागदाचा फोटो पाठवला.

एकच पान होतं, मल्याळममध्ये एकदा आणि इंग्रजीत एकदा. पहिली ओळ अशी: अम्मा आजारी आहे असं धरून. कारण त्या घरात अम्माच आधी आजारी पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. हॉस्पिटलात तीच जात होती. पुढं एकेक गोष्ट, आणि प्रत्येकीपुढं माणसाचं नाव. अप्पांचं इन्सुलिन कोण देणार. तो नसेल तर कोण. प्रत्येकाची औषधं आणि ॲलर्जी. इन्शुरन्सचं कार्ड कुठं. शुद्ध हरपली तर डॉक्टरांशी कोण बोलणार, आणि तसं सही केलेलं पत्र कुठं. शाळेला कोण कळवणार. दाराजवळच्या पिशवीत चार्जर, चष्मा, एक बदलायचा जोड. बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढं होतं: भात, डाळ, अंडं, हे करता येतं. ‘शिकव’ नव्हतं लिहिलेलं. येतं, असं होतं. नर्सच्या बेसमेंटमध्ये साठा म्हणाल तर दोन पोती तांदूळ आणि गृहस्थांनी दिलेलं मास्कचं खोकं.

तोवर खाली माळावर आजींचं वेगळंच चाललं होतं. गादीवर पडून पडून माणूस किती पडणार? त्यांनी खोकी उघडायला घेतली. आकडे त्यांना काही सांगत नव्हते, म्हणून एकेका खोक्यावर जाड मार्करनं देवनागरीत लिहिलं: डाळ, ताप, सेल, साबण. रोज लागणारं हाताच्या उंचीला आणलं, कधीतरी लागणारं वर ढकललं. औषधं एका टोपलीत घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली, ती मुलीनं वर नेली. मग व्हिडिओ कॉलवरून धाकट्याला भात शिकवला. पहिला करपला, दुसरा गिचका झाला. तिसऱ्याला आजी म्हणाल्या, “आता तू उपाशी मरत नाहीस.” सूनबाईंचा ताप आठवड्यात उतरला. आजींना काही झालं नाही. का झालं नाही, याचं उत्तर आजही कुणापाशी नाही.

एक गोष्ट मात्र त्या एवढ्या भांडारात कुठंच निघाली नाही: आजींच्या गोळ्या. गृहस्थांनी सगळ्यांची औषधं तीन महिन्यांची भरली होती, आजींची सोडून, कारण आजी 24 ला जाणार होत्या. थायरॉइडची शेवटची पट्टी संपत आली तेव्हा ते लक्षात आलं. भारतातली चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. मंडळातल्या एका डॉक्टरांनी व्हिडिओवर आजींना तपासलं, वाईच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कॅमेऱ्यापुढं धरायला लावली आणि इथली चिठ्ठी लिहून दिली. त्या महिन्यात न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत कितीतरी घरांत अशीच पाकिटं कॅमेऱ्यापुढं धरली जात होती. व्हिसाची मुदत वाढवायचा अर्जही त्यांच्यासाठी भरावा लागला. अडकलेल्यांना न्यायला भारताची ‘वंदे भारत’ विमानं सुरू झाली ती मे उजाडल्यावर, आणि जागा मिळेपर्यंत आजींनी एडिसनच्या डेकवर मिरच्या वाळवल्या.

गृहस्थ घरी आले. आठ-दहा किलो उतरले होते, जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं. चालायला यायला लागल्यावर आधी बेसमेंटमध्ये गेले. वर आले ते रागावूनच.

“माझी सिस्टीम कुणी मोडली? डी-1 कुठं गेलं?”

“डी-1 म्हणजे काय ते मला आजपर्यंत कळलं नाही,” सूनबाई म्हणाल्या. “ताप म्हणजे काय ते कळतं.”

मग त्यांचं लक्ष फ्रिजकडं गेलं. तिथं एक कागद होता, मुलीच्या अक्षरात इंग्रजी आणि शेजारी आजींच्या अक्षरात मराठी. पहिली ओळ: बाबा आजारी आहेत असं धरून. त्यांनी खाली वाचत नेलं. बिलं कोण भरणार, आई. ती नसेल तर ताई, पासवर्ड लाल डायरीत. आजीजवळ कोण जायचं, कुणी नाही. 911 ला फोन, जो जवळ असेल तो. भात, धाकटा. गटाराचा पंप बंद पडला तर कोणता खटका, फोटो मागं चिकटवलाय. त्यांचं स्वतःचं नाव शोधत ते तळापर्यंत आले. सगळ्यात शेवटी होतं: बाबा बरे असतील तर सामान भरतील.

“एवढंच?” ते म्हणाले.

“एवढं तू बेस्ट करतोस,” मुलगी म्हणाली.

ते दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले, आणि त्या रंगीत शीटमधून प्रत्येकाची औषधं, मात्रा, ॲलर्जी, लसी, सगळं कागदावर उतरवायला लागले. सल्फा सगळ्यात वर लिहिलं. एक प्रत समोर नर्सकडं दिली, एक वाईला. निळी फाईल केली, ती ड्रॉवरमध्ये गेली, आणि ड्रॉवर कुठला हे धाकट्याला तीनदा विचारून झालं. शीटही राहिलं. ज्याच्या हातून जे चांगलं होतं ते त्यानं करावं.

त्याच वर्षी सप्टेंबरात सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं देशभर सांडपाणी तपासायला सुरुवात केली. लोक दवाखान्यात यायच्या आधी विषाणू गटारात दिसतो, त्यावरून साथीचा अंदाज घ्यायचा. गृहस्थांनी हे आजींना फोनवर मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. आजी म्हणाल्या, “उंदीरच की रे.”

पुढची पाच वर्षं कागद फ्रिजवर राहिला. कोपरे दुमडले, त्यावर वरणाचे डाग पडले, दर दिवाळीत नवा लिहिला गेला. मुलगी शिकायला टेक्ससमधल्या लबकला गेली. 2025 च्या जानेवारीअखेर तिथून जवळच्या गेन्स काउंटीत गोवर निघाला. 2000 साली अमेरिकेनं जो गोवर देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, तोच. ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर टेक्ससमध्ये 762 जणांना तो झाला होता आणि दोन मुलं दगावली होती. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. साठा करून त्यापुढं काही चालत नाही, लस घेतलेली असावी लागते आणि घेतलीय हे सांगता यावं लागतं.

मुलीनं रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला. वाईहून आजीही आल्या, तिथं सकाळ होती.

“माझे गोवराच्या लसीचे, एमएमआरचे, दोन डोस कुठं लिहिलेत?”

“थांब, मी शीट उघडतो,” बाबा म्हणाले.

“निळ्या फाईलमध्ये, चौथं पान,” धाकटा म्हणाला. तो आता आठवीत होता आणि त्याचा हात ड्रॉवरमध्ये गेलेलाच होता. “पुण्यात नवव्या महिन्यात दिलेला इथं धरत नाहीत, तो वर्षाच्या आतला म्हणून. त्यानंतरचे दोन आहेत. फोटो पाठवलाय बघ.”

“आणि माझे?” बाबांनी विचारलं.

“तुझे ग्रीन कार्डाच्या मेडिकलच्या वेळचे, सहावं पान. आजीचं पान नाही, तिला लहानपणी गोवर येऊन गेलाय.”

“माझ्या मोठ्या भावाकडून घेतला होता,” आजी म्हणाल्या. “ते असू दे. तुझ्या खोलीतल्या पोरींना ठाऊक आहे का, तू पडलीस तर कुणाला कळवायचं?”

मुलगी जरा घुटमळली. “अजून बोललो नाही त्यावर.”

“मग आजच बोला. आणि भात लावता येतो का कुणाला?”

“आजी, त्यातली एक मेक्सिकोची आहे.”

“मग तिला येतच असेल. दुसरीला शिकव.”